पहिलीच्या गणितात मूल नक्की काय शिकतं?

ओवी_आई (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. लेक पहिलीत आहे, सहा पूर्ण. तिला शंभरपर्यंत अंक म्हणता येतात, लिहिताही येतात. पुस्तक उघडलं तर निम्मी पानं वेगळ्याच गोष्टींची निघाली: कमी-जास्त, आत-बाहेर, रंगानुसार गट करा, पुढे कोणतं चित्र येईल ते ओळखा. बेरीज-वजाबाकी आहे, पण २० च्या आतली. ज्या मुलीला शंभर अंक येतात तिला नऊ ठोकळे मोजायला का लावतात, असा प्रश्न मला पडला.

म्हणून तिला ७ + ५ विचारलं. तिने कागदावर सात रेघा मारल्या, बाजूला पाच मारल्या आणि पहिल्या रेघेपासून सुरुवात करून सगळ्या मोजल्या. बारा. बरोबर. लगेच ५ + ७ विचारलं. पुन्हा कोऱ्या जागेत पाच रेघा, सात रेघा आणि पुन्हा एकपासून मोजणी. आत्ताच आलेलं उत्तर तिच्या काही कामाचं नव्हतं.

इथे शिक्षक आहेत, मुलं मोठी झालेले पालकही आहेत. वर्षअखेर मुलाला नेमकं काय यायला हवं? बोटं आणि रेघा बंद करायच्या का? आणि शंभरपर्यंत अंक येण्याला काय अर्थ आहे?

जुनी_पाटी

ओवी_आई, अर्थ नक्की आहे. पण अंक म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पहिलीला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीमागची पाच तत्त्वं मांडली. प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यायचा, कुणी सुटता कामा नये, कुणी दोनदा येता कामा नये. अंकांचा क्रम दर वेळी तोच. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे अख्ख्या गटाची संख्या. कोणत्याही गोष्टी मोजता येतात, टाळ्यासुद्धा. आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी संख्या तीच राहते. मोठ्या माणसाला हे इतकं उघड वाटतं की त्यात शिकण्यासारखं काही असेल असं मनातही येत नाही.

आठ बटणं पसरून ठेवा आणि 'किती?' विचारा. मूल बोट लावत मोजेल, 'आठ' म्हणेल. लगेच विचारा, 'मग किती बटणं आहेत?' ज्याला तिसरं तत्त्व उमगलंय ते लगेच 'आठ' म्हणतं. ज्याला नाही ते पुन्हा एकपासून मोजू लागतं. त्याच्या लेखी 'आठ' हे शेवटच्या बटणाचं नाव असतं, सगळ्या बटणांची संख्या नसते.

दुसरी परीक्षा स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांची. सहा बटणांची एक ओळ, समोर सहाचीच दुसरी. मुलाने 'सारखी' म्हटलं की त्याच्या देखत खालची ओळ लांब पसरवायची. बरीच लहान मुलं आता 'खाली जास्त' म्हणतात. साधारण सहा-सातच्या सुमारास हे बदलतं, म्हणजे ऐन पहिलीत. म्हणून तुमच्या पुस्तकात कमी-जास्तची एवढी पानं आहेत. गट करणं आणि पुढचं चित्र ओळखणं हेही गणितच आहे, कारण दोन्हीत मूल वस्तूचे बाकीचे गुण बाजूला सारून एकाच गुणाकडे बघायला शिकतं.

रेघोटी

बोटांबद्दल सांगते. आमच्या सासूबाईंनी नातवाचा हात धरून खाली केला, 'मनात कर' म्हणाल्या. मनात काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो अंदाजे आकडे सांगू लागला. बोटं बंद करून पुढची पायरी येत नाही हो, पुढची पायरी आली की बोटं आपोआप सुटतात.

सरळरेष

माझं मत थोडं वेगळं आहे. पाठांतराला नावं ठेवायची पद्धत पडली आहे आणि मला ती मुलांच्या हिताची वाटत नाही. तिसरीत हातच्याची वजाबाकी आणि गुणाकार येतो तेव्हा ज्याला ८ + ६ आठवत नाही, त्याचं सगळं लक्ष त्या छोट्या बेरजेत अडकतं आणि मोठं गणित हातातून निसटतं. डोक्यात एका वेळी मावतं ते थोडंच असतं. २० पर्यंतच्या बेरजा विचार न करता ओठांवर यायला हव्यात. त्यासाठी रोजची उजळणी लागते, आणि ती कंटाळवाणी असली तरी लागते.

गणितवेडा

सरळरेष, मुक्काम तुम्ही सांगता तोच. मला वाटेबद्दल बोलायचंय, कारण इथे जरा हिशेब मांडला तर गंमत दिसते.

० ते ९ मधले कोणतेही दोन अंक घेतले तर बेरजा होतात १००. पाठांतर करायचं तर शंभर ओळी. पण ३ + ८ आणि ८ + ३ एकच हे मुलाला पटलं की उरतात ५५. शून्य मिळवायच्या १० काढा, ४५. एक मिळवणं म्हणजे फक्त पुढची संख्या सांगणं, त्या ९ काढा, ३६. सारख्या अंकांच्या जोड्या, २ + २ पासून ९ + ९ पर्यंत, मुलांना फार लवकर येतात. त्या ८ गेल्या की २८. दहा करणाऱ्यांपैकी २ + ८, ३ + ७, ४ + ६ या ३ काढा, २५. सारख्या जोडीच्या शेजारी बसणाऱ्या, म्हणजे ६ + ७ म्हणजे सहा नि सहा बारा आणि वर एक, अशा ७ आहेत. उरल्या १८. दोन मिळवायच्या ५ उरतात, म्हणजे पुढची सोडून त्यापुढची संख्या. १३. मग ९ मध्ये मिळवायच्या ५: आधी दहा करायचे, एक कमी मिळवायचा. उरल्या ८.

त्या आठ अशा: ३ + ५, ३ + ६, ३ + ८, ४ + ७, ४ + ८, ५ + ७, ५ + ८, ६ + ८.

ओवी_आई, तुम्ही विचारलेली ७ + ५ नेमकी या आठांत आहे. सगळ्यात शेवटी येणाऱ्यांपैकी ती एक. तिच्यासाठी दहाचा आधार: सातला दहा व्हायला तीन हवेत, पाचातून तीन घ्या, दोन उरले, बारा. पण त्याआधी मुलाला पाच म्हणजे तीन आणि दोन हे न मोजता दिसलं पाहिजे. म्हणून पहिलीत एकेक संख्या फोडून बघण्यात इतका वेळ जातो. ५ म्हणजे ४ आणि १, ३ आणि २. ही फोड पक्की नसेल तर पुढचा कोणताच आडमार्ग मुलाच्या उपयोगाचा नाही.

सरळरेष

हिशेब आवडला, उतरवून घेतला. तरी त्या आठ पाठच कराव्या लागतील, आणि ५५ पैकी बाकीच्या ४७ सुद्धा सरावानेच जलद होतील.

गणितवेडा

सरावाला कोण नाही म्हणतंय? ज्या मुलाने शंभर ओळी सुट्या पाठ केल्या त्याची एक ओळ विसरली की ती गेली. ज्याने नाती ओळखली त्याला विसरलेली ओळ परत उभी करता येते. सराव दोघांनाही हवा.

जुनी_पाटी

ओवी_आई, तुमची लेक आत्ता कुठे आहे आणि पुढे काय येईल ते सांगायचं राहिलं. ती दोन्ही गट एकपासून मोजते, ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर मूल पहिला गट न मोजता धरून ठेवतं: 'सात... आठ, नऊ, दहा, अकरा, बारा'. तिसऱ्या पायरीवर ५ + ७ विचारलं तरी ते स्वतःहून सातापासून सुरू करतं, कारण त्याला मोठ्या संख्येपासून निघणं सोपं आहे हे कळलेलं असतं. त्यानंतर वर सांगितलेले आडमार्ग, आणि मग आठवण. वर्गात एकाच वेळी या सगळ्या पायऱ्यांवरची मुलं असतात.

दुसऱ्या पायरीसाठी मी एक करते. सात बटणं मुलाला मोजायला लावायची, मग त्यावर वाटी पालथी घालायची. बाजूला पाच बटणं उघडी. आता एकूण किती? वाटीखालची दिसत नाहीत, मग सात धरून पुढेच जावं लागतं. काही मुलं वाटीवरच बोट आपटत सातपर्यंत मोजतात. मोजू द्यावं. थोड्या दिवसांनी ते बोट वाटीवर एकदाच टेकतं.

आणि शंभरपर्यंत अंक लिहिणाऱ्या मुलीसाठी एक प्रयोग सुचवते, मुलांच्या गणितशिक्षणाच्या अभ्यासक कॉन्स्टन्स कामी यांच्या कामामुळे तो शिक्षकांना चांगला माहीत आहे. सोळा बटणं द्या, मोजून घ्या, कागदावर १६ लिहायला सांगा. मग १६ मधल्या ६ कडे बोट दाखवून विचारा, 'हे यातली कोणती बटणं?' नंतर १ कडे बोट दाखवून तेच विचारा. ती काय करते ते इथे लिहा. मध्ये काही सांगू नका.

ओवी_आई

आज केलं. सोळा बटणं तिने नीट मोजली, १६ लिहिलं. सहावर बोट ठेवलं तर सहा बटणं बाजूला सरकवली. एकावर बोट ठेवलं तर एक बटण उचलून माझ्या हातात दिलं, अगदी ठामपणे. नऊ बटणं तशीच पडून होती. 'मग ही कुठली?' म्हटलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, 'ही पण सोळातलीच आहेत, पण ती लिहिलेली नाहीत.'

मी गप्प बसले, जुनी_पाटी ताई. आता काय करू?

जुनी_पाटी

'ती लिहिलेली नाहीत' हे तिचं उत्तर फार चांगलं आहे. काहीतरी जुळत नाही हे तिला स्वतःला दिसलं. बहुतेक मुलं या वयात असंच एक बटण देतात, त्यामुळे काळजी नको.

पहिलीतला सगळ्यात अवघड विचार हाच. दहा वस्तू आहेतच, आणि त्याच वेळी ते 'एक दशक'ही आहे. आतापर्यंत १ म्हणजे एक वस्तू होती. आता त्याच चिन्हाचा अर्थ जागेवरून ठरायला लागला. नुसतं 'डावीकडचं दशक, उजवीकडचं एकक' असं घोकून मूल रिकाम्या जागा बरोबर भरतं, आणि तरीही बटण एकच देतं.

काड्या आणि रबरबँड घ्या. दहाचे तयार गठ्ठे तिच्या हातात देऊ नका, तिने स्वतः मोजून बांधायचे. तीस-चाळीस काड्यांचा ढीग टाका. दहा झाले की बांध. आता किती गठ्ठे, किती सुट्या? तीन गठ्ठे, चार सुट्या. मग एखादा गठ्ठा सोडायला लावा: दोन गठ्ठे, चौदा सुट्या. काड्या वाढल्या की तेवढ्याच? हे बांधणं-सोडणं हाताला झालं की पुढे हातचा आणि उसनवारी समजायला सोपी जाते. तयार प्लास्टिकचे दशक-दांडे सुटत नाहीत, त्यामुळे या टप्प्यावर मला काड्याच जास्त आवडतात.

दोनरेघा

आपल्या संख्यानामांनी हा गुंता आणखी वाढतो हेही लक्षात घ्यावं. चिनी आणि जपानी भाषांत ११ ला 'दहा एक' आणि २१ ला 'दोन दहा एक' अशा अर्थाचं म्हणतात. दशक कानाला सरळ ऐकू येतं. आपण 'एकवीस' म्हणतो, आधी एक ऐकू येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २. म्हणून आपली मुलं एकवीस ऐकून १२ लिहितात. जर्मनमध्येही 'एक आणि वीस' असाच क्रम आहे. त्यात आपल्याकडे 'एकोणतीस' ऐकताना तीस कानावर पडतं आणि लिहायचं २९. मुलगा ३९ लिहितो तेव्हा त्याचं लक्ष नाही असं समजू नये, त्याने ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. मी माझ्या मुलासोबत काही दिवस दोन्ही बोलायचे: 'दोन दशक एक, एकवीस'. त्याचा फरक पडला.

अर्धविराम

बरोबरच्या चिन्हाबद्दल कुणी लिहिलं नाही. = हे चिन्ह वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये छापील पुस्तकात आणलं. दोन समांतर रेघांपेक्षा अधिक सारखं दुसरं काही असू शकत नाही, असं कारण दिलं. म्हणजे चिन्ह सारखेपणाचं. मुलं मात्र त्याचा अर्थ 'आता उत्तर लिही' असा घेतात, कारण त्यांनी ते कायम ३ + ४ = याच रूपात बघितलेलं असतं.

८ + ४ = __ + ५ हे गणित देऊन बघा. बहुतेक मुलं चौकटीत १२ लिहितात, काही सगळं मिळवून १७. अगदी वरच्या वर्गातली मुलंसुद्धा. पुढे बीजगणितात हीच समजूत आडवी येते. उपाय पहिलीतच आहे आणि सोपा आहे: ७ = ३ + ४ असंही लिहायचं, ५ = ५ हे खरं की खोटं विचारायचं, २ + ६ = ५ + ३ दाखवायचं. माझ्या पुतणीने ५ = ५ बघून ठणकावलं, 'यात गणितच नाही!'

टाकबोरू

शाब्दिक उदाहरणांत आमची गाडी अडते. मुलाला वाचता येतं, बेरीज-वजाबाकी येते, पण 'किती जास्त?' आलं की मोठी संख्या लिहून मोकळा. मीराकडे ८ मणी, समीरकडे ५, मीराकडे किती जास्त? याचं उत्तर ८.

जुनी_पाटी

टाकबोरू, तुलनेची उदाहरणं सगळ्यात अवघड. 'होते, आले' आणि 'होते, गेले' यात काहीतरी घडतं, मूल ते करून बघू शकतं. तुलनेत काहीच घडत नाही, दोन्ही ढीग जागेवरच असतात आणि जो फरक मोजायचा तो डोळ्यांना वेगळा दिसत नाही.

हडसन या संशोधकांनी १९८३ मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली. चित्रात पाच पक्षी आणि तीन अळ्या. 'अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?' यावर पहिलीतली बरीच मुलं अडली. तेच चित्र दाखवून 'प्रत्येक पक्षी एकेक अळी पकडायला धावला तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?' विचारलं, तर जवळपास सगळ्यांना आलं. संख्या त्याच, चित्र तेच. तुम्हीही मण्यांच्या दोन ओळी समोरासमोर लावा, जोड्या जुळवा, 'कुणाचे मणी एकटे पडले?' विचारा. त्याला जमलं की मग म्हणा, यालाच 'तीन जास्त' म्हणतात.

एक विनंती. 'एकूण आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी' असं कृपा करून शिकवू नका. 'झाडावर काही पक्षी होते, ३ उडाले, ५ उरले, आधी किती होते?' इथे 'उरले' आहे आणि करायची आहे बेरीज. गोष्ट मुलाच्या तोंडून परत सांगून घ्या, आकडे न घेता. ती नीट सांगता आली की बेरीज की वजाबाकी हा प्रश्न बहुतेक वेळा सुटलेलाच असतो.

कंपासपेटी

आकारांवर थोडं. पुस्तकात त्रिकोण कायम टोक वर करून उभा असतो, त्यामुळे मुलं उलटा किंवा लांबट निमुळता त्रिकोण ओळखत नाहीत. चौरस तिरका केला की म्हणतात हा चौरस नाही. कागदाचे आकार कापून फिरवत दाखवा. आणि मोजमापात मुलं वितीने किंवा काड्यांनी टेबल मोजतात तेव्हा दोन काड्यांमध्ये फट सोडतात. फट चालणार नाही, एकावर एक चालणार नाही, सगळ्या काड्या सारख्या हव्यात, एवढं कळलं की सेंटिमीटरची पट्टी नंतर सोपी जाते.

रेघोटी

अंक उलटे लिहिणं किती दिवस चालतं? आमचा ३ आणि ६ अजून आरशातले काढतो.

जुनी_पाटी

सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्रास दिसतं. हवेत मोठा अंक काढणं, वाळूत बोटाने काढणं याने हळूहळू जातं. संख्येची समज त्यावरून ठरवू नका. वर्ष संपतानाही दहा वस्तू नीट मोजता येत नसतील, किंवा ४ आणि ७ मध्ये मोठं कोणतं हे सांगता येत नसेल, तर मात्र शिक्षकांशी बोला आणि डोळे-कान तपासून घ्या.

ओवी_आई

काड्या रोज चालू आहेत. आता ती स्वतःहून म्हणते, 'अजून दोन आल्या की बांधता येईल.' एक विचारायचं होतं, सापशिडीसारख्या खेळांचा खरंच उपयोग होतो का?

गणितवेडा

होतो, पण मोजायचं कसं यावर अवलंबून आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांना १ ते १० घरांचा सरळ पट दिला. थोड्याच खेळांनंतर संख्यांची तुलना आणि संख्यारेषेवर जागा ओळखणं सुधारलं. रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांत तसं दिसलं नाही. महत्त्वाचं असं की मूल घरावरचा आकडा म्हणत पुढे जात होतं. चारच्या घरात असताना दोन पडले तर 'एक, दोन' न म्हणता 'पाच, सहा' म्हणायचं. म्हणजे ताईंची वाटीखालची बटणंच, फक्त पटावर. सापशिडीच्या पटावर ओळी उलटसुलट वळतात, त्यामुळे सुरुवातीला एकाच सरळ पट्टीवर खेळा. घरी कागदावर आखता येते.

दोनरेघा

शून्याचं राहिलं. मुलगा ५ - ५ चं उत्तर लिहीतच नाही, जागा कोरी सोडतो. म्हणतो, काही उरलंच नाही तर काय लिहायचं?

जुनी_पाटी

त्याला काड्यांच्या गठ्ठ्यांकडे न्या. दोन गठ्ठे, सुटी एकही नाही. लिही. तो २ लिहील. मग त्याच्या २ शेजारी दोन सुट्या काड्या ठेवा आणि विचारा, हे दोन की ते दोन, वाचणाऱ्याला कसं कळणार? माझ्या वर्गातल्या मुलांनी यावर टिंब, फुली, रिकामी चौकट असं काय काय सुचवलंय. एकदा त्यांनी स्वतः खूण शोधली की शून्य द्यायला काहीच वेळ लागत नाही, आणि ५ - ५ ची कोरी जागाही बहुतेक त्याच आठवड्यात भरते.